आज्ञाधारक बळ

मोटारींचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा वेगाचा इतिहास लिहितात. कोणत्या सालीं कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, कोणत्या इंजिनानें किती घोड्यांचें काम केलें, ह्याचीं वर्णनें पानोपानीं आढळतात. धांवणारी गाडी वळविण्यास किती श्रम पडत, ते कोणाच्या खांद्यांवर पडत, आणि ते हलके केव्हां व कसे झाले, ह्या गोष्टीकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष गेलेलें आहे. वास्तविक पाहतां गाडी पुढें नेणें हें इंजिनाचें काम आणि ती हव्या त्या दिशेस नेणें हें माणसाचें काम, अशी वांटणी आरंभापासूनच झालेली होती. पहिल्या भागीदाराचें बळ दहापट-वीसपट वाढत गेलें. दुसऱ्याच्या वांट्यास मात्र तेच दोन हात राहिले. ह्या विषम वांटणीचा निकाल कसा लागला, तें आम्ही प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगणार आहों. त्यासाठीं सडक सोडून रानांत व खडकांत शिरणाऱ्या जीपसारख्या गाडीचें उदाहरण विशेष सोयीचें आहे. कारण सडकेवर जो प्रश्न नुसत्या गैरसोयीचा असतो, तो तेथें हाडें मोडण्याचा होतो.

गाडी वळविण्यांत एवढें अवघड तें काय, असें कोणी विचारील. बैलगाडीच्या धन्यास हा प्रश्न कधींच पडला नाहीं. बैल वळले कीं गाडी वळते. घोड्यांच्या चारचाकी गाडीचा पुढला आंस एका मधल्या खिळ्याभोंवतीं सबंध फिरे, आणि तो फिरविण्याचें काम घोडेच करीत. १८१७ सालीं म्युनिक येथील गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर नांवाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें आंस जागच्या जागीं ठेवून त्याच्या टोकांचीं दोन चाकें निरनिराळ्या खुंट्यांवर वळविण्याची युक्ति काढली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें रूडॉल्फ आकरमान ह्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि कल्पना एकाची व नांव दुसऱ्याचें, असा प्रकार होऊन ती आजही आकरमानच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें मोटार आली, घोडे गेले, आणि चाकें वळविण्याचें काम चालकाच्या हातीं आलें.

जड धोंडा हलवावयाचा असेल तर लांब पहार घ्यावी, हा न्याय माणसास फार पूर्वींपासून ठाऊक आहे. त्याच न्यायानें चालकाच्या हातांतील चक्र आणि जमिनीवरचीं चाकें ह्यांच्यामध्यें मळसूत्राची किंवा दंतचक्रांची एक पेटी बसविण्यांत आली. चक्राला पुष्कळ वेढे द्यावे तेव्हां चाकें थोडीशीं वळावीं, अशी ती योजना. परंतु निसर्गाच्या पेढीवर उधारी चालत नाहीं. जोराची जेवढी बचत करावी तेवढी हाताच्या प्रवासांत भर पडते. शिवाय चालत्या गाडीचें चाक लोळतां लोळतां वळतें, पण उभ्या गाडीचें चाक जमिनीवर घांसून वळवावें लागतें. आणि टायर रुंद असेल, वर पांच-सात टन ओझें असेल, तर त्या घांसण्याचा विरोध माणसाच्या दंडांना पुरून उरतो. म्हणून जड गाडीच्या चालकापुढें दोनच मार्ग उरत : एक तर घाम गाळावा, नाहीं तर चक्र गरगर फिरवीत असतां वळण निघून जातांना पाहावें.

ह्या पेचांतून सुटण्याची वाट प्रथम समुद्रावर सांपडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोखंडी जहाजें एवढीं प्रचंड होऊं लागलीं कीं, वादळांत त्यांचें सुकाणूं धरावयास कित्येक खलाशी चक्राला लटकावे लागत. १८५८ सालीं पाण्यांत उतरलेलें ‘ग्रेट ईस्टर्न’ हें जहाज त्या काळीं जगांत सर्वांत मोठें होतें. ह्या जहाजासाठीं जॉन मॅक्फार्लेन ग्रे ह्यानें १८६६ सालीं पेटंट घेतलेलें वाफेचें सुकाणूयंत्र बसविण्यांत आलें. मुंबईच्या इतिहासाशींही ह्या जहाजाचा संबंध आहे. १८७० सालीं मुंबई ते एडन ही समुद्रांतील तारायंत्राची तार त्यानेंच टाकली.

ग्रेच्या यंत्रांत वाफेचें बळ होतें ह्यांत नवल नाहीं. वाफ तर सगळीकडेच होती. नवल होतें तें त्या बळाला लावलेल्या शिस्तीचें. खलाशानें चक्र थोडें फिरविलें कीं वाफेची झडप उघडे आणि यंत्र सुकाणूं वळवूं लागे. परंतु सुकाणूं मागितल्याइतकें वळलें कीं त्याच्याच हालचालीनें झडप मिटे व यंत्र थांबे. चक्र आणखी फिरवावें, तर सुकाणूं आणखी वळे. फ्रान्समध्यें जोझेफ फार्को ह्यानें अशाच प्रकारच्या यंत्रांवर १८७३ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांना ‘सर्व्हो-मोटर’, म्हणजे सेवक-यंत्र, असें नांव दिलें. हें नांव फार समर्पक आहे. बळकट यंत्र करणें ही एक गोष्ट, आणि धन्याचा हात जेवढा फिरेल तेवढेंच फिरून पुढल्या हुकुमाची वाट पाहणारें यंत्र करणें ही अगदीं वेगळी गोष्ट. पहिलीला लोखंड आणि अग्नि पुरतात. दुसरीला विचार लागतो. आमच्या मतें ह्या सबंध इतिहासाचें मर्म येथेंच आहे.

समुद्रावरची ही युक्ति सडकेवर आणणें मात्र सोपें नव्हतें. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील रॉबर्ट ट्वायफर्ड ह्यानें १९०० सालीं चारही चाकांना गति देणाऱ्या गाडीच्या यंत्रणेचें पेटंट घेतलें, त्यांत गाडी वळविण्यास इंजिनाची मदत घेण्याची योजना होती. १९०३ सालीं कोलंबिया कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या पांच टनी मालगाडीला वळविण्याच्या कामासाठीं निराळी विजेची मोटर लावलेली होती. परंतु हे तुरळक प्रयोग तेथल्या तेथेंच थांबले. जहाजावर यंत्राला जागा मुबलक आणि देखरेखीस माणसें पुष्कळ. मोटारींत सर्व कांहीं पेटीएवढ्या जागेंत बसावें, आणि त्याची निगा राखावयास कोणी नसतांही वर्षेंच्या वर्षें चालावें, अशी अपेक्षा.

ही अपेक्षा पुरी करण्याचा मान फ्रान्सिस डेव्हिस ह्या अमेरिकन इंजिनियराकडे जातो. डेव्हिसचा जन्म १८८७ सालचा. पिअर्स-ॲरो ह्या नामांकित मोटार कंपनीच्या मालगाड्यांच्या विभागांत तो मोठ्या हुद्द्यावर होता, आणि अवजड गाड्यांचे चालक वळणावर कसे झुंजतात, हें त्यानें जवळून पाहिलें होतें. ती सुरक्षित नोकरी सोडून त्यानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वॉल्थॅम गांवीं एक लहानसा कारखाना थाटला आणि जॉर्ज जेसप नांवाच्या कुशल कारागिरास हाताशीं धरून प्रयोग आरंभिले. १९२६ सालीं १९२१ च्या बनावटीच्या एका पिअर्स-ॲरो मोटारीवर त्याचें यंत्र बसून तयार झालें.

डेव्हिसनें बळासाठीं तेल योजिलें. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो, व तें तेल एका नळकांड्यांतील दट्ट्या ढकलून चाकें वळविण्यास हात देतो, एवढें तर कोणासही सुचण्यासारखें होतें. परंतु त्या काळच्या तेलयंत्रांत झडपा एरवीं बंद असत. तेल अष्टौप्रहर दाबाखालीं कोंडलेलें असे, आणि कोंडलेलें तेल कोठून ना कोठून पाझरल्याशिवाय राहत नसे. डेव्हिसनें ही पद्धति नेमकी उलटी केली. त्याची झडप एरवीं उघडी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं मळ्यांत पाणी धरतांना पाहिलें असेल, त्यांना ही गोष्ट चटकन् समजेल. मोटेचें पाणी पाटांतून सारखें वाहत असतें; बागवान खोऱ्यानें एका वाफ्याचें दारें मोडतो आणि पाटांत मातीचा बांध घालतो, तेव्हां तेंच पाणी त्या वाफ्यांत शिरतें; दारें बुजविलें कीं पुन्हां पाटानें पुढें चालूं लागतें. डेव्हिसच्या यंत्रांत तेल असेंच पंपांतून टांकींत व टांकींतून पंपांत मोकळें खेळत राहतें. चालकानें चक्राला हिसका दिला कीं झडप रेसभर सरकते, तेलाची मोकळी वाट एका अंगानें अरुंद होते, दाब चढतो, आणि दट्ट्या त्या अंगाला चाकें ढकलतो. चाकें वळलीं कीं झडप पुन्हां मध्यावर येते. मागणी असेल तेवढ्याच वेळेपुरतें बळ, एरवीं नुसता प्रवाह. चक्रापासून चाकांपर्यंतची लोखंडी जोडणी त्यानें कायम ठेवली. त्यामुळें तेल दगा देईल तर श्रम वाढतील, पण गाडी हातची जाणार नाहीं.

एवढें उपयुक्त यंत्र तयार झाल्यावर जगानें तें ताबडतोब उचललें असेल, असें वाटणें साहजिक आहे. तसें झालें नाहीं. जनरल मोटर्स ह्या बलाढ्य कंपनीनें १९२६ सालीं तें पाहिलें, पसंत केलें, डेव्हिसशीं करार केला, आणि आपल्या मोठ्या मोटारींत तें बसविण्याच्या दृष्टीनें कित्येक वर्षें काम चालविलें. इतक्यांत १९२९ ची मंदी आली. महाग मोटारींचें गिऱ्हाईक आटलें. यंत्राचा खर्च भरून निघण्याइतक्या गाड्या खपणार नाहींत, असा हिशेब झाला, आणि १९३४ सालीं कंपनीनें नाद सोडला. १९३६ सालीं डेव्हिसनें बेंडिक्स कंपनीशीं करार केला. परंतु मोटार करणारे अजूनही पुढें येईनात. ह्या हिशेबांत कोणाचें कपट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांत एक रकमेची नोंद नव्हती, ती म्हणजे चालकाच्या खांद्यांची. यंत्राची किंमत कारखान्याला द्यावी लागे. श्रमाची किंमत चालक आपल्या देहानें फेडीत असे, आणि ती कोणाच्याच खतावणींत चढत नसे.

ह्या नोंदीची जागा अखेर युद्धानें मांडली. दुसऱ्या महायुद्धांत जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागानें इंग्रज सैन्यासाठीं ‘स्टॅगहाउंड’ नांवाच्या चिलखती मोटारी बांधल्या. एकेकीचें वजन सुमारें चौदा टन. अशी गाडी शत्रूच्या माऱ्यांत जागच्या जागीं वळविणें माणसाच्या हातांना शक्य नव्हतें. म्हणून तिला तेलाच्या दाबानें मदत करणारें स्टिअरिंग दिलें गेलें. शांततेच्या काळांत जो खर्च परवडत नव्हता, तो आतां कोणी विचारलाही नाहीं. युद्धानंतर क्रायस्लर कंपनीनें डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेऊन १९५१ सालच्या आपल्या ‘इंपीरियल’ मोटारींत पॉवर स्टिअरिंग बाजारांत आणलें, आणि प्रतिस्पर्ध्यानें पाऊल टाकतांच जनरल मोटर्सलाही आपल्या जुन्या इंजिनियराची आठवण झाली. १९५२ च्या तिच्या मोटारींत डेव्हिसचें यंत्र आलें. पहिल्या प्रयोगाला तोंवर २६ वर्षें उलटलीं होतीं.

आतां जीपकडे वळूं. १९४१ पासून १९४५ पर्यंत विलिस आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. ही गाडी जेमतेम १,१०० किलो वजनाची व अरुंद टायरांची. तिला वळविण्यास यंत्राची मदत देण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं, आणि साध्या जमिनीवर तिची गरजही नव्हती. परंतु खडकाळ जागीं निराळाच अनुभव येई. पुढलें चाक एकाद्या धोंड्यावर आदळलें कीं धक्का उलट्या वाटेनें पेटींतून वर चढे आणि चक्र हातांत जोरानें फिरे. चक्राच्या काड्या तडाखा देऊन आंगठा मोडूं नये म्हणून आंगठे आंत न गुंतवतां बाहेर ठेवावे, असें रानांत गाडी हांकणारांना आजही शिकवितात. ह्याच जीपगाड्या पुढें आपल्याकडे आल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद ह्या पेढीचें १९४८ सालीं महिंद्रा अँड महिंद्रा असें नामांतर झालें, व तिनें मुंबईंत विलिसच्या जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत आणि जंगलखात्यापासून पाटबंधारे खात्यापर्यंत सरकारी कामाचा पुष्कळसा भार ह्या गाडीनें वाहिला. आणि तिचें चक्र ज्यांनीं घाटांत फिरविलें, त्यांचे दंड ती साक्ष देऊं शकतील.

कालांतरानें जीप जड झाली, इंजिनें मोठीं आलीं, टायर रुंद झाले. १९७२ च्या अमेरिकन जीपला हवें असल्यास पॉवर स्टिअरिंग मिळूं लागलें, आणि तिची पेटी आली ती सॅगिनॉची. ज्या जनरल मोटर्सनें १९३४ सालीं हा नाद सोडला होता, तिचाच सॅगिनॉ हा विभाग होय. ह्या पेटींत मळसूत्र आणि त्यावरची चाकी ह्यांच्यामध्यें पोलादी गोळ्यांची रांग सारखी फिरत असते, त्यामुळें घर्षण फारच कमी होतें. रानांत हिंडणाऱ्या शौकिनांनीं मग जुन्या जीपांना अशा पेट्या बसविण्याचा सपाटा लाविला. ही प्रथा आज जगभर आहे, आणि ह्या उद्योगांत जें शिकावयास मिळतें तें ग्रंथांत क्वचितच मिळेल.

पहिला लाभ तात्काळ दिसतो. हात हलके होतात इतकेंच नव्हे, तर पेटींतील तेल खडकांचे हिसके आपल्या अंगावर घेतें आणि आंगठे वांचतात. परंतु थोड्याच दिवसांत दुसरी बाजू दिसूं लागते. पेटी गाडीच्या सांगाड्याला ज्या ठिकाणीं आवळलेली असते, त्या ठिकाणीं सांगाड्याचा पत्रा चिरूं लागतो. पूर्वीं चाक खडकांत अडकलें तर माणसाचा हात थकून थांबत असे, आणि तो थांबला कीं सर्वच सांगाडा सुरक्षित राही. आतां चौरस इंचाला हजार पौंडांहून अधिक दाब देणारें तेल थकत नाहीं. चाक हलत नाहीं असें पाहून तें पेटीलाच तिच्या जागेवरून उपटूं पाहतें. म्हणून त्या ठिकाणीं पोलादी पट्टीचा आधार द्यावा लागतो. आधार दिला कीं दोन चाकांना जोडणारा दांडा वांकतो. तो जाड केला कीं सांध्यांच्या गोळ्या झिजतात. चक्र एका टोकाला दाबून धरलें तर तेलाला वाट न मिळून तें तापतें, म्हणून तें थंड करणारी जाळी लावावी लागते. पंपाचा पट्टा घसरतो, तोही रुंद लागतो. ज्यांना ह्याहूनही मोठीं चाकें हवीं असतात ते थेट आंसावरच तेलाचा निराळा दट्ट्या बसवितात. तात्पर्य, माणसाचा थकवा हीच जुन्या गाडीची सर्वांत नाजूक आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी कडी होती. ती काढून टाकली कीं सांखळींतल्या उरलेल्या प्रत्येक कडीची परीक्षा सुरू होते. सूज्ञ कारागीर म्हणून प्रथम सांगाडा बळकट करतो आणि मग पेटी बसवितो. उतावळा ह्याच्या उलट करतो आणि रानांत अडकून पडतो.

जुन्या चालकांचा एक आक्षेप येथें नोंदविला पाहिजे. पॉवर स्टिअरिंगनें रस्त्याचा स्पर्श नाहींसा होतो, असें ते म्हणत. आणि तो आक्षेप नुसता म्हाताऱ्यांचा हेका नव्हता. आरंभींचीं कांहीं यंत्रें एवढीं तत्पर होतीं कीं चक्र एका बोटानें फिरे, आणि खालीं चिखल आहे कीं वाळू, हें हातास कळेनासें झालें. धन्याला कांहींच न सांगतां सर्व कांहीं करणारा सेवक हाही धोक्याचाच. म्हणून चांगल्या यंत्रांत थोडासा विरोध बुद्ध्या शिल्लक ठेवतात. १९८८ सालीं जपानमध्यें सुझुकीच्या ‘सर्व्हो’ नांवाच्या लहान मोटारींत तेलाऐवजीं विजेच्या मोटरनें मदत करणारें स्टिअरिंग आलें, आणि त्यानंतर तेलाचा पंप पुष्कळ गाड्यांतून हद्दपार झाला. परंतु किती मदत करावी आणि किती विरोध राहूं द्यावा, हा प्रश्न तेथेंही तसाच आहे. फक्त त्याचें उत्तर आतां झडपेऐवजीं गणितयंत्र देतें.

आमच्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) अशी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. त्यानंतर कित्येक दशकें ह्या अवजड गाड्या कुंभार्लीच्या आणि आंबोलीच्या घाटांतून चढविल्या-उतरविल्या गेल्या त्या चालकांच्या केवळ दंडांच्या जोरावर. डेव्हिसचें यंत्र तोंवर जुनें झालें होतें. घाटांतल्या चालकापर्यंत तें पोंचण्यास मात्र एक पिढी खर्ची पडली. नव्या शोधाचें वय आपण तो लागल्या दिवसापासून मोजतों. तो ज्याच्यासाठीं लागला त्याच्या हातीं पडल्या दिवसापासून तें मोजावें, असें आम्हांस वाटतें; तसें केल्यास इतिहासांतलीं पुष्कळशीं थोर सालें बरींच पुढें सरकवावीं लागतील.